पेन्योच्या कागदावर इल्को

द्र्यानोवो, १ नोव्हेंबर

ती. आईस,
मिंचोचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू वेसेलाताईकडे रांगायला लागलीस, हे वाचून जिवात जीव आला. फोनवर ओरडून सांगितलेलं वार्नाभर ऐकू जातं, तेवढं तुलाच जात नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. ताईला म्हणावं, आईला लोण्या-चीजची बानित्सा रोज देऊ नकोस. परत येताना जिना चढायचा आहे.

आता मुख्य बातमी, आणि ती वाचून चिडायचं नाही. आपला कोठीतला सर्व्हर मी विंडोजवरून लिनक्सवर आणला. तू म्हणशील, चालत्या गाड्याला खीळ कशाला. पण तो चालत नव्हता, आई. ऐन छपाईत मान टाकायचा. विंडोजची मुदत संपली होती आणि नवं विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्रावर चढेना. लिनक्स चढलं, आणि यंत्र तरणंताठं झालं. तुझ्या हातचे, माणूस गेल्यावर फाटकांवर लावायचे सगळे दुखवट्याचे कागद, चाळीस दिवसांचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे, म्हणजे गावाची मेलेली माणसं झाडून सगळी, नव्या डिस्कवर सुखरूप पोचली. मिरच्यांच्या बरण्यांना धक्काही लागला नाही.

एकच घोटाळा झाला होता, तो निस्तरला. पहिला कागद उघडला तर नाव, तारीख, मजकूर जागच्या जागी आणि फोटोची चौकट रिकामी. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मग उमगलं की तू कागदात फोटो ठेवतच नाहीस, नुसता त्याचा पत्ता ठेवतेस, की डी डिस्कवर अमक्या घराच्या फोल्डरमध्ये बघ. लिनक्सला डी म्हणजे काय ते ठाऊकच नाही, त्यामुळे सगळे पत्ते एकदम चुकले. एकेक दुरुस्त करत बसलो असतो तर नाताळ उजाडला असता. म्हणून चार ओळींची आज्ञा लिहिली, की ज्या घराचा कागद, त्या घराच्या फोल्डरमधला पहिला फोटो उचल आणि बसव. कॉफी निवायच्या आत सगळ्या चौकटी भरल्या. वीसेक उघडून पाहिल्या, चेहरे बरोबर होते. मग जुनी डिस्क पुसून बॅकअपला घेतली.

गिनाकाकूने नवऱ्याचा, पेन्योकाकांचा, सहा महिन्यांचा कागद सांगितला आहे. ती लेकीकडे गॅब्रोवोला गेली आहे, सहा महिने भरतात त्या दिवशी सकाळी येईल. तोवर तिच्या फाटकावर, बस थांब्यावर, बेकरीपाशी मीच लावून ठेवतो. तुझं दुकान बुडालं नाही एवढं लक्षात असू दे.

ताईला नमस्कार. तुझ्या पत्राची वाट बघणारा,
मिंचो


वार्ना, ५ नोव्हेंबर

चि. मिंचोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. वेसेला म्हणते, आई, तू उगाच काळजी करतेस. तिला काय कळतंय! तिच्या गावात माणसं मेली की वर्तमानपत्रात छापतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात मासे बांधतात.

अरे बाबा, मी पत्ता ठेवते तो आळसाने नाही. लोक आधी घाईत ओळखपत्राचा फोटो आणून देतात, मग वर्षभराने कपाटात चांगला सापडतो. तो एका जागी बदलला की सगळ्या कागदांवर बदलतो. आणि तुला हे कुणी सांगितलं की फोल्डरात फक्त मेलेली माणसं असतात? निम्मी जिवंत आहेत. आपल्याकडची म्हातारी माणसं पुरायचे कपडे काढून ठेवतात तशी मला फोटो आणून देतात, की त्सोन्का, माझा हा ठेव, पोरं नाहीतर भलताच लावतील. ते मी कुणाला सांगत फिरत नाही, वेसेलालाही नाही, म्हणून तिच्याकडून फोन करवला नाही.

तू तेरा वर्षं गॅब्रोवोच्या कारखान्यात काढलीस, तुला गावाचे तरुणपणचे चेहरे कुठून ओळखू येणार? आता नीट ऐक. स्तोयचेव्हांच्या फोल्डरात पेन्यो आहे आणि त्याचा भाऊ इल्कोही आहे. दोघांच्या मिशा सारख्या, फोटोही एकाच दिवसाचे. नावांच्या क्रमाने इल्को आधी येतो, पेन्यो मागून. तुझं ते हुशार यंत्र पहिला उचलणार म्हणजे कुणाला उचलणार, सांग. खूण लक्षात ठेव, पेन्योच्या खांद्यावर एक हात आहे. हात दिसला तर पेन्यो. हात नसेल तर कागद घराबाहेर नेऊ नकोस.

माझा खुबा तारेने शिवलाय, नाहीतर आजच बसमध्ये बसले असते. हे पत्र मिळताच आधी चौकट उघड, जेवण मग.

काळजीत असलेली तुझी
आई


द्र्यानोवो, ९ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. कागद मी सहा तारखेला लावून आलो होतो. हात नव्हता, आई.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. इल्कोकाका पावाला बेकरीत गेले. रांगेतल्या एका बाईने छातीवर क्रूस काढला. काकांनी वळून दारावरचा कागद पाहिला. वर स्वतःचा चेहरा, खाली भावाचं नाव आणि सहा महिने झाले तुला जाऊन, असा मजकूर. पाव फळीवर तसाच ठेवला, घरी आले, बूट काढून खाटेखाली नीट लावले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हापासून अन्न नाही आणि पाणीही नाही म्हणण्याइतकंच. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, आजार असा काही नाही, पण या वयात माणूस पाणी सोडून बसला तर औषधाला धरायला जागा उरत नाही. दवाखान्यात जायला ते तयार नाहीत.

मी गेलो होतो. गुडघ्यांवर बसून माफी मागितली. सर्व्हर लिनक्सवर आणला, पत्ते चुकले, सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं की यंत्राला कसं बरोबर कळलं, आता कुणाची पाळी आहे ते. मग म्हणाले, तू लावलास, गावाने वाचला, आता जा. मला परतताना रस्ता दिसत नव्हता.

बेकरीवरचा कागद खरवडायला लागलो तर बेकरीणबाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, मेलेल्याचा कागदसुद्धा आपण फाडत नाही, ऊनपाऊस काय फाडेल ते फाडेल, आणि तू जित्या माणसाचा चेहरा फाडतोस? म्हणून तिन्ही अजून तसेच आहेत.

गिनाकाकू सहा महिन्यांच्या दिवशी सकाळी बसमधून उतरली आणि आपल्या फाटकावर दिराचा चेहरा बघून पायरीवरच बसली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, बांधावरचा अक्रोड तोडण्यावरून भावाभावांत बिनसलं तेव्हापासून या माणसाने माझ्या फाटकाला पाय लावला नाही, भावाच्या मातीलाही पडद्याआडून बघत राहिला, आता आलाच आहे तर राहू दे. आणि रडायला लागली.

बाकीच्या कागदांचं काय करू ते कळत नाही. माझ्या आज्ञेने तुझे जुने पत्ते पुसले आणि जुनी डिस्क तर मीच साफ केली. जिथे दोन फोटो आहेत तिथे कोण कुठला ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पण ते मागून बघू. आधी इल्कोकाका. ते गेले तर मी या गावात तोंड दाखवू शकणार नाही, आणि तुझंही नाव मातीत जाईल. काय करू ते लवकर कळव.

तुझा अपराधी,
मिंचो


वार्ना, १२ नोव्हेंबर

चि. मिंचोस,
आशीर्वाद.

रडणं पुरे. सोबत इल्कोसाठी चिठ्ठी घातली आहे, ती त्याच्या हातात दे आणि चष्मा नाकावर ठेव. वाचून दाखवू नकोस, तुझा आवाज ऐकून तो आणखी रुसेल. तो उठलाच तर सोबत जा आणि तोंड बंद ठेव. पेन्योचे खरे कागद, हात असलेले, छापून पिशवीत तयार असू देत. छापण्याआधी डोळ्यांनी बघ, आज्ञेने नको.

तो उठला नाही तर वेसेलाला फोन कर, मी कुबड्यांवर येते. वेसेला आडवी आली तर तिलाही घेऊन येते.

आई


वार्ना, १२ नोव्हेंबर

श्री. इल्को स्तोयचेव्ह यांस,
त्सोन्काचा स. न. वि. वि.

एवढ्या मानाने लिहिलं, आता पुढे तुझी लायकी असेल तसं लिहिते. शाळेत गणिताच्या दिवशी पोट दुखायचं तुझं. तेव्हाही भिंतीकडे तोंड करूनच निजायचास.

ऐकते की तू मेलास. हे मला मान्य नाही. माझ्या हातचा कागद लागल्याशिवाय आपल्या गावात कुणी मेलेलं नाही आणि तुझा कागद मी केलेला नाही. जो लागला आहे तो पेन्योचा आहे, माझ्या पोराने फोटो चुकवला. त्याच्यावर हवा तेवढा राग काढ, कान धर, पण आधी पाणी पी.

आता जे तुला कधी सांगणार नव्हते ते सांगते. कोण कुठला फोटो देऊन गेला ते मी बोलत नसते, पण तू उपाशी निजलायस आणि पेन्यो आता मला ओरडायला येणार नाही. गेल्या ईस्टरला तू फोटो घेऊन आलास, पेन्योच्या लग्नातला, दोघं अक्रोडाखाली उभे. म्हणालास, हा माझा ठेव, त्याला कापून टाक. आठवतं? त्याच आठवड्यात पेन्यो आला. त्याच्या हातात तोच फोटो, त्याची प्रत. तोही म्हणाला, हा माझा ठेव, त्याला काप. मी हसू दाबलं. जन्मभराचे फोटो सोडून दोघांना तोच सापडला, आणि एकमेकांना विचारायची सोय नाही!

कापला मी. तू उजवीकडे, तो डावीकडे. पण त्याच्या खांद्यावर तुझा हात होता, तो काही कापता येईना. मी पेन्योला म्हटलं, यंत्रावर पुसून देते, कळणार नाही. तो म्हणाला, हात राहू दे.

तेव्हा तू मातीला आला नाहीस असं गाव म्हणतं, पण त्याच्या पहिल्या कागदापासून तुझा हात तिथे आहे. जवळ जाऊन तू कधी बघितलंच नसशील.

या कागदांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चेहरा तुझा आहे, तूच उठ आणि काढ. मी येईन तेव्हा राकियाची बाटली घेऊन येईन. उघडायला माणूस जिवंत लागतो.

तुझी जुनी वर्गबहीण
त्सोन्का


द्र्यानोवो, १७ नोव्हेंबर

ती. आईस,
मिंचोचा शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी काकांनी वाचली. पुन्हा वाचली. मग भिंतीकडे वळले, आणि मला वाटलं संपलं सगळं. थोड्या वेळाने तसेच पडल्या पडल्या त्यांनी पाणी मागितलं. मी दोन्ही हातांनी पेला धरून पाजलं. नंतर शेजारणीने शोरबा आणला, तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बूट दे.

आधी आपल्या घरी आले. फोटो बघायचा होता. कोठीत तुझ्या स्टुलावर बसले आणि मी यंत्रावर पेन्योकाकांचा फोटो मोठा करून लावला. खांद्यावरचा हात दिसला, वाकड्या करंगळीसकट. काकांनी आपला हात पडद्याशेजारी धरला. आई, तीच करंगळी. त्यांची मिशी भिजली.

मग स्वयंपाकघरातली मिटायची सुरी घेऊन निघालो. दर दहा पावलांनी थांबावं लागत होतं, मी दंड धरला तर झिडकारत होते. बेकरीवरचा आपला चेहरा त्यांनी स्वतः खरवडला, त्या जागी भावाचा लावला आणि आत जाऊन त्या दिवशीचा पाव मागितला. बेकरीणबाईंनी पैसे घेतले नाहीत. बस थांब्यावरही तसंच केलं. थंडी फार होती, खोकला सुरू झालाय. डॉक्टरीणबाई माझ्यावर भडकल्या आहेत, छातीत कफ धरलाय म्हणतात. माझी धास्ती अजून गेलेली नाही.

शेवटी गिनाकाकूचं फाटक. काकू खिडकीत उभी होती, बाहेर आली नाही. काकांनी सुरी काढली, कागदाच्या कडेला लावली आणि तशीच धरून उभे राहिले. मग मिटून खिशात ठेवली. पिशवीतला पेन्योकाकांचा कागद मागून घेतला आणि आपल्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लावायला लागले. मला म्हणाले, तिकडचं टोक धर, वर घे, अजून थोडं, अक्रोडाची फांदी जुळली पाहिजे. पुन्हा सुरीने कडा कापून दोन्ही कागद एकमेकांना भिडवले तेव्हा मला दिसलं. त्यांच्या कागदावर जो दंड कडेला येऊन संपत होता, तोच पुढे पेन्योकाकांच्या खांद्यावर जाऊन टेकला.

काकूने दार उघडलं आणि त्यांना आत बोलावलं. मी पिशवी घेऊन घरी आलो.

खुबा जुळला की लवकर ये. बाकीचे चेहरे तुझ्या डोळ्यांची वाट बघत आहेत, तोवर मी एकही कागद छापणार नाही. तुझा लोभ माझ्यावर आधी होता तेवढाच राहू दे.

तुझा
मिंचो