नव्या बंगल्याचे आठ कूड

कुंभारवाडा,
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८३४

प्रिय लखू,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू कागद बाजूला ठेवशील, असं तुझी केशरवहिनी म्हणते. ठेवलास तरी उद्या परत उचल. सांगायचं आहे ते कुठून सुरू करावं तेच उमगत नाही, म्हणून आधी कामाचं लिहितो.

तू खानापूरला गेल्यापासून मी एकटाच कूड बांधतो. कुणाच्या माजघरात आडोसा, कुणाच्या गोठ्याची भिंत, एवढंच मिळतं. मोठं काम निघाल्याचं आपल्याला कळेपर्यंत दुसऱ्या कुणी तिथे माती कालवलेली असायची, आठवतं ना? या वर्षी मी लाकडाच्या वखारीच्या वाटेवर बसून गाडीवानांना विचारू लागलो, हे वासे कुठे चालले? वासे जातात तिथे छप्पर चढतं, आणि छप्पर चढलं की आतल्या भिंती लागतातच. असंच एकदा नागू गाडीवानानं सांगितलं, जोयड्याला साहेबांसाठी बंगला उभा राहतोय, आत कुडाच्या आठ भिंती आहेत, मक्तेदार बेळगावचे दत्तात्रयराव. दुसऱ्या दिवशी मी चालत जोयडा गाठलं.

माझ्याआधी दोघे येऊन बसले होते. दत्तात्रयरावांनी तिघांनाही हातभर रुंदीचा नमुना करायला लावला. मी कळकाचे बांबू फोडून कामट्या दाट विणल्या, मातीत शेण नि भाताचा कोंडा घालून ती दोन दिवस मुरू दिली, आणि पहिला हात पुरता वाळेपर्यंत दुसरा लावला नाही. आता मी माती वाळेपर्यंत थांबतो, लखू. बाजारकुणंगच्या आपल्या कामात थांबलो नव्हतो. ओल्यावरच दुसरा हात फिरवला तो मी, भिंत फुगली ती त्यानं. आणि मालकानं तुझ्या बांधणीला नावं ठेवली तेव्हा मी खाली बघत राहिलो. तुला ते ठाऊक होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. तू थेट खानापूरला निघून गेलास.

दत्तात्रयरावांनी तिन्ही नमुन्यांवर बुक्की मारून पाहिली नि माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "खानापुरात एका पेढीतला कूड बघितलाय मी. दोन पावसाळे गेले, केसाएवढी चीर न्हाई. कुंभारवाड्याच्या माणसानं केला म्हणतात. तो तूच काय?"

तो तुझ्या हातचा. मला पक्कं माहीत होतं. आणि मी म्हणालो, "व्हय."

काम मिळालं. परत येताना आपल्या पाणंदीचं वळण मागे टाकून मी कितीतरी पुढे गेलो होतो, भानावर आलो तो ओढ्याच्या पाण्यात. पाच दिवस डोक्यात नुसता गोंधळ. नमुना तर माझाच होता, मग लबाडी केवढी? सगळी, की अर्धी? केशरला विचारलं तर ती म्हणाली, ते मला विचारू नका, ज्याचा कूड त्याला विचारा. सहाव्या दिवशी पुन्हा जोयड्याला गेलो नि दत्तात्रयरावांना खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग त्या दिवशी व्हय का म्हणालास?"

मग त्यांनीच सांगितलं, त्या माणसाला बोलाव, तो आला तर काम त्याचं, त्यानं तुला संगं घेतलं तर माझी ना न्हाई. म्हणून हे पत्र. आठही कूड तुझे आहेत. कळक अवसेच्या आत तोडायला हवेत, नाहीतर किडा लागेल, आणि कुठल्या बेटातले तोडायचे ते तूच येऊन दाखव. मला बरोबर घ्यायचं की नाही तेही तूच ठरव. मी रोज वाटेकडे बघतो ते कामासाठी की तुझ्यासाठी, ते माझं मलाच नीट समजत नाही. निघालास तर कोयत्याचं ओझं आणू नकोस. माझ्याकडे दोन आहेत.

तुझाच,
परशू