मी भात रांधून राहिली होती

बाई,

मी फ्रेंच शिकून राहिली आहे. पहिलं वाक्य मुद्दाम असं लिहिलंय. तुम्ही असता तर लाल पेनानं ते खोडून वर 'शिकत आहे' लिहिलं असतं. पुढचं सगळं तुमच्या मराठीत लिहिते, कारण तीही मला येते. पण हे एक वाक्य असंच राहील. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झालीत, आता ते खोडायला कोणी येणार नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल, मला आठवतो. मी आठवीत आहे, देवरीची शाळा, तुमचा तास सुरू होऊन गेलेला. मी दारात उभी आहे आणि तुम्ही विचारता, "उशीर का?" मी सांगते, "माय बिमार हाये जी. मी भात रांधून राहिली होती." तुम्ही खडू टेबलावर ठेवता. "रांधून राहिली म्हणजे? रांधून कुठे राहिलीस, चुलीत?" वर्ग हसतो. "भात करत होते, असं म्हण." मी म्हणते, "करत होती." "होती नाही, होते!" तिसऱ्यांदा मला जमतं. बसायला सांगताना तुम्ही म्हणालात, "जिला आपलं क्रियापद धड चालवता येत नाही, तिला जगातली कुठलीच भाषा यायची नाही." माय त्या दिवशी तापानं फणफणली होती, आणि मी उरलेला सगळा तास 'होते, होते' असं मनात घोकत बसले. घरी गेल्यावर मी मायशी दोन दिवस नीट बोलले नाही. ती बोलायची तसंच मी बोलत होते, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

दहावीनंतर तुम्ही मला बोलावून तुमचं स्वतःचं व्याकरणाचं पुस्तक दिलंत, पेन्सिलीच्या खुणांसकट. "तुला याची गरज आहे," म्हणालात. टोमणा होता की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तक मात्र मी वाचलं. काळ, अर्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, सगळं पाठ केलं. त्याचा उपयोग झाला हे मी नाकारत नाही. पण उपयोग कुठे झाला ते ऐका.

आता मी गोंदियाला एका राइस मिलच्या ऑफिसात आहे. आमचा तांदूळ आफ्रिकेतल्या बंदरांवर जातो आणि तिकडची माणसं फ्रेंच बोलतात, लिहितात. त्यांची पत्रं कॉम्प्युटर इंग्रजीत करून देतो, ते वाचून आम्ही काम चालवायचो. मला ते पटेना. चाळिशी ओलांडल्यावर मी मोबाइलवरून शिकवणी लावली. शिकवणारी पुदुच्चेरीची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिलं वर्ष सोपं गेलं: मी आहे, तू आहेस, मी खाते, मी जाते. तेवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. खरी परीक्षा भूतकाळात सुरू होते. फ्रेंचमध्ये झालेल्या गोष्टीला एक रूप आणि होत राहिलेल्या गोष्टीला दुसरं. मी सरसकट पहिलंच वापरायचे. शिकवणारी हसून म्हणाली, "तुझ्या गोष्टीत सगळं पटापट संपूनच जातं. काही चालू राहतच नाही."

चालू राहतं! मी तिला थांब म्हटलं. वहीत आमच्या बोलीत लिहिलं, 'रांधून राहिली होती', आणि त्याखाली फ्रेंच. मग ते फ्रेंच तिला वाचून दाखवलं: माझी आई आजारी होती, मी भात रांधून राहिली होती, मला उशीर झाला. पहिली दोन क्रियापदं चालू राहणारी, तिसरं संपलेलं. तिन्ही बरोबर. ती शाबास म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि मग आई बरी झाली का?"

बाई, हा प्रश्न मला त्या वाक्यावर पहिल्यांदाच कोणीतरी विचारला. मी म्हटलं, झाली, महिना लागला, आता माझ्याजवळच असते. बोलताना माझी दोन क्रियापदं चुकली. तिनं ती शेवटी सुधारली, आधी पूर्ण ऐकून घेतलं.

यंदाची गोष्ट. बंदरावरून पत्र आलं. कॉम्प्युटरनं सांगितलं, 'काही पोती भिजलेली आहेत.' शेठ भडकले. पोती रचून घेणारी बाई जवळच्या नागरा गावाकडची, वीस वर्षांपासून आमच्याकडे आहे. तिला ऑफिसात बोलावलं. "कल से मत आना," शेठ म्हणाले. ती दारातच उभी राहिली. "मी त एकबी पोता ओल्यात ठेवला नाही जी. काऊन माहा नाव घेऊन राहिले?" मी मूळ पत्र उघडलं. तिथं साधं 'आहेत' नव्हतंच. 'आहे'चं संकेतार्थी रूप होतं, 'असती'सारखं, पण पुढेमागे 'जर' कुठे नाही. हे रूप मी महिनाभर आधीच शिकले होते. ऐकीव गोष्ट सांगायची, पण तिची जबाबदारी घ्यायची नाही, तेव्हा फ्रेंच माणूस क्रियापद असं वळवतो. आपण त्याला काय म्हणतो? पोती भिजली म्हणे. 'म्हणे' निबंधात लिहिलं की तुम्ही गुण कापायचात. "कोण म्हणे? लिहायचं तर ठाम लिही!" माझ्या मायच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला 'म्हणे' येतं. जे स्वतः पाहिलं नाही ते ती पाहिल्यासारखं कधी सांगत नाही.

मी शेठना म्हटलं, "लिखनेवाले ने देखा नहीं है, सुना है." "तुमको पक्का मालूम?" "पक्का. पहले पूछने दो, फिर निकालना." माझा आवाज चढला होता. मी फ्रेंचमध्ये विचारलं, पोती कोणी पाहिली, आणि कोणत्या गिरणीचा शिक्का होता? दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या माणसानं धक्क्यावर कोणाकडून तरी ऐकलं होतं. नीट पाहिल्यावर भिजलेली पोती दुसऱ्याच गिरणीची निघाली. शेठ "चलो, ठीक है" म्हणून जेवायला गेले. त्या बाईनं मला गाठलं. "त्यायले काय सांगतला जी तुमी?" मी म्हटलं, "काही नाही. कोणी पाहिलं, तेवढं विचारलं." ती म्हणाली, "एवढाच? एवढा त मीबी इचारला असता."

तिनं विचारलं असतं, बाई. तुमच्या वर्गात तिला बसवलं असतंत तर मात्र शंका आहे.

सध्या मी भीती, इच्छा, गरज यांच्यानंतर बदलणारी क्रियापदं शिकते आहे. 'मला भीती वाटते' म्हटलं की पुढचं क्रियापद आपलं नेहमीचं रूप सोडतं. हे धडे जड जाताहेत, रोज चुकते, पण चुकलं म्हणून कोणापुढे उभं राहावं लागत नाही. कुठलीच भाषा यायची नाही म्हणाला होतात. मराठी, हिंदी, इंग्रजीनंतर ही चौथी चालू आहे.

हा कागद फ्रेंचच्या वहीतच राहील. एकच गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही, ती लिहून थांबते. तुम्ही शेवटच्या दिवसांत गोंदियाच्या दवाखान्यात होतात, तेव्हा मला कळलं होतं. मी फळं घेऊन आले, वॉर्डाच्या दाराबाहेर उभी राहिले. तुम्ही नर्सशी बोलत होतात, आवाज तसाच होता. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, 'मी भेटायला आले' की 'आली', आणि जिभेवर नेमकं काय येईल याचा भरवसा वाटेना. फळं शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हातारीला दिली आणि परत फिरले. मी आली होती, बाई. दारापर्यंत आली होती.