तीन पिवळ्या वायरी

प्रिय स्टेफ्का,

फोनवर आपलं बोलणं हल्ली हवामानाच्या पलीकडे जात नाही. तिकडे थंडी किती, इकडे थंडी किती, लारीसाच्या बाळाला दात आला का, एवढं झालं की तू म्हणतेस, "बरं, ठेवते, गॅसवर दूध आहे." थंडर बेमध्ये, आपल्या लेकीच्या घरी, एवढं दूध कोण पितं मला कळत नाही. म्हणून हे पत्र. लग्नाच्या आधी लिहिली होती, त्यानंतर मी तुला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखन सांभाळून घे.

घरचं सगळं ठीक आहे. मांजर तुझ्या खुर्चीवर झोपतं आणि मी बसायला गेलो की माझ्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघतं. टोमॅटोची रोपं खिडकीत जरा जास्तच उंच झाली आहेत. तू करून ठेवलेल्या, बटाटा भरलेल्या पेरोग्या संपल्या. शेवटची पिशवी मी जपून ठेवली होती, तर बोहदान 'सहज' डोकावला आणि तळलेल्या कांद्यासकट निम्म्या घेऊन बसला. शेजारी म्हणून माणूस चांगला आहे, पण जेवणाची वेळ त्याला भिंतीपलीकडून समजते.

आपला जुन्या पंचांगाचा, जानेवारीतला नाताळ आटोपून तू तीन आठवड्यांसाठी म्हणून गेलीस. आता लायलॅकच्या झुडपाला कळ्या आल्या आहेत. चर्चमध्ये बायका विचारतात, स्टेफ्का कधी येणार? मी म्हणतो, लवकरच. हा 'लवकरच' आता इतका वापरून झाला आहे की म्हणताना मलाच लाज वाटते. येणार की नाही हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते, हे कागदावर लिहायला सोपं जातंय.

बसमध्ये चढताना तू जे बोललीस ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हणत होतो की घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली आणि पाइप गोठले तर घराचं काय होईल. तू बॅग माझ्या हातातून घेतलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "नेस्टर, तू यायचा नाहीस हे मला माहीत होतं. तुझं जग कोऑपच्या पेट्रोलपंपापाशी संपतं." ओरडली असतीस तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तू शांत होतीस, आणि ड्रायव्हरनंही ऐकलं.

तर झालं असं की एप्रिलमध्ये रस्ता जरा सुकला, तेव्हा मी तुझ्या सवतीवरची ताडपत्री काढली. मोटरसायकलला सवत हे नाव तूच ठेवलंस, मी फक्त वापरतोय. ठरवलं की आज पेट्रोलपंपापाशी वळायचं नाही, थेट यॉर्कटनला जायचं, तिथल्या टपाल कचेरीतून तुला एक कार्ड टाकायचं आणि त्यावर एवढंच लिहायचं, 'पंपाच्या पलीकडे आहे.' निघालो. पंपावर बोहदान आणि त्याचा दोस्त ऑर्व्हिल खिडकीशी कॉफी पीत बसले होते. मी न थांबता पुढे गेलो, तेव्हा दोघंही उभे राहिलेले मला आरशात दिसले. मला फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं धान्याच्या कोठारापर्यंत टिकलं. तिथं दिवा पिवळा पडला, वळणाचा दिवा हळूहळू डोळे मिचकावायला लागला, इंजिनानं दोनदा खोकून घेतलं आणि गाडी तळ्याच्या कडेला उभी राहिली. मी बदकांकडे बघत बसलो. अखेर ऑर्व्हिल ट्रक घेऊन आला. त्यानं काच खाली केली, बदकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय लेका, पोचलास का यॉर्कटनला?" ट्रकमध्ये चढवलेली मोटरसायकल सगळ्या गावानं बघावी म्हणून तो मुद्दाम चर्चवरून गेला.

दुसऱ्या दिवसापासून कॉफीच्या कट्ट्याला दुसरा विषय उरला नाही. गाडी चालू असताना बॅटरी भरत नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. का भरत नाही, यावर मात्र जितकी डोकी तितके मेकॅनिक. बोहदान म्हणाला, बॅटरी. मी नवी बॅटरी घातली. मग त्यानं वीज मोजायचा मीटर आणला. इंजिन बंद असताना काटा साडेबारा व्होल्टवर, म्हणजे ठीक. इंजिन चालू करून जरा जोर दिला की तो चौदाच्या वर जायला हवा, तर आमचा बारावर आला आणि पुढे खालीच निघाला. बोहदान म्हणाला, मीटर बिघडलाय. तोच मीटर त्याच्या ट्रकला लावला, तर काटा चौदाच्या वर जाऊन रुबाबात उभा राहिला. तेव्हापासून बोहदान मीटरशी बोलत नाही.

ऑर्व्हिलचं म्हणणं, दोष रेग्युलेटरचा. इंजिनातून येणारी वीज आवरून बॅटरीला देतो तो पंखांचा डबा, सीटखालचा. नवा मागवला. तो आला नेमका आपल्या ईस्टरच्या आदल्या दिवशी. बोहदानला वाटलं, एवढा महाग भाग तसाच कसा बसवायचा. त्यानं काय करावं? सकाळी चर्चच्या अंगणात सगळ्यांच्या टोपल्या ओळीनं मांडल्या होत्या, पाव, अंडी, सॉसेज, लोणी, आणि आमच्या टोपलीत पावाला टेकून तो रेग्युलेटर. वर कशिदा काढलेला रुमाल, तुझाच. फादर तीर्थ शिंपडत शिंपडत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. टोपलीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "हे कशाबरोबर खातात?" बोहदान म्हणाला, "फादर, तुम्ही शिंपडा." त्यांनी शिंपडलं, आणि जराही हात राखून नाही.

तो डबा दोन दिवस स्टोव्हजवळ वाळवून मग बसवला. काटा होता तिथंच. बोहदानच्या मते श्रद्धा माझीच कमी पडली. मग आम्ही फ्रेमला येणारी प्रत्येक वायर सोडवून, पॉलिश कागदानं घासून परत जोडली. फ्यूज बदलले. किल्लीच्या कुलपात तेल सोडलं. खुर्चीत बसून हाताला येईल ते सगळं आम्ही तपासलं. गुडघे टेकून जे तपासावं लागतं त्याचा विषय कुणी काढत नव्हतं, कारण आमच्यापैकी ज्याचे गुडघे टेकतात त्याचे परत उठत नाहीत.

लारीसानं फोनवर मला समजावलं, की बाबा, विकून टाका ती गाडी आणि विमानाचं तिकीट काढा. तिला म्हटलं, तुझ्या आईनं सांगितलंय का असं? ती म्हणाली, "आई तुमच्याबद्दल काहीच बोलत नाही, बाबा." स्टेफ्का, चार शिव्या घातल्या असत्यास तर मला रात्री झोप लागली असती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, चर्च आटोपल्यावर, मी जुनी गोधडी गॅरेजमध्ये अंथरली आणि आडवा झालो. गाडीचं पुस्तक आम्ही कपाखाली ठेवत होतो, ते उघडलं. चार्जिंगच्या प्रकरणाची पहिलीच ओळ अशी आहे की इंजिनातल्या तांब्याच्या गुंडाळीत वीज तयार होते आणि तीन पिवळ्या वायरींनी बाहेर येते, तपासणी तिथून सुरू करा. आम्ही शेवटाकडून सुरू केलं होतं. मी इंजिनाच्या झाकणापाशी त्या तीन वायरींना बोट लावलं आणि चाचपडत वर निघालो, साखळीच्या मागून, बॅटरीच्या खोक्याच्या आड, जिथं हात जातो पण नजर जात नाही. तिथं त्यांचा जोड असायला हवा. बोटाला लोकर लागली.

उंदराचं घरटं असेल म्हणून मी हात मागे घेतला. मग टॉर्च धरला. जोड निघालेला होता. निघालेला म्हणजे सुटलेला नाही, कुणीतरी काढलेला. दोन्ही टोकं वेगवेगळी, निळ्या-हिरव्या लोकरीत नीट गुंडाळलेली आणि वर गाठ. ती गाठ मी ओळखतो. माझ्या प्रत्येक हातमोज्याच्या आतल्या बाजूला ती आहे. आणि ती लोकरही ओळखतो. लारीसा शाळेत जायला लागली तेव्हा तिच्यासाठी जी टोपी विणलीस, ती याच रंगाची होती.

मग सगळं उलगडत गेलं. त्याच उन्हाळ्यात मी मोटरसायकलवरून एका दिवसासाठी म्हणून चुलतभावाकडे अल्बर्टाला गेलो होतो आणि गारपिटीत अडकून चौथ्या दिवशी उगवलो होतो. तू काही बोलली नाहीस, पुढ्यात बिटाचं गरम बोर्श्ट ठेवलंस. मला वाटलं, सुटलो. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोरत होतो, तेव्हा तू गॅरेजमध्ये होतीस. तुझ्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, आणि दिवा धरायला तू, हे मी कसा विसरलो? गाडी सुरू तर होईल, पण फार लांब जाणार नाही, एवढाच एक जोड तू बरोबर शोधून काढलास.

आणि मला इतकी वर्षं कळलं नाही, कारण मी इथला माणूस आहे. हिवाळाभर ट्रक रात्री विजेला जोडून ठेवला नाही तर सकाळी इंजिन दगड होतं, म्हणून चाकं असलेली वस्तू दिसली की माझा हात वायरीकडे जातो. उन्हाळ्यातही मोटरसायकल आत लावली की मी आधी तिला चार्जर जोडायचो आणि मग बूट काढायचो. तू दारातून बघायचीस आणि हसायचीस. मला वाटायचं, प्रेमानं हसतेस. सवत रोज रात्री घरची वीज पिऊन पंपापर्यंत जात होती आणि परत येत होती, आणि मी बॅटरी करणाऱ्यांच्या नावानं खडे फोडत होतो.

राग आला, नाही असं नाही. हात धुवून होईपर्यंत तो टिकला. मग मी परत आडवा झालो, लोकर सोडवली आणि आतली टोकं पाहिली. पितळ नव्यासारखं चमकत होतं. तू त्यांना व्हॅसलीन लावून ठेवलं होतंस, स्टेफ्का. कायमचंच तोडायचं असतं तर कात्री होती की घरात. गंज चढू नये, कधीतरी परत जोडता यावं, म्हणून जपून ठेवलेला जोड होता तो. मी गोधडीवर पडल्या पडल्या इतका हसलो की बोहदान कुंपणावरून धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी झालं. नंतर डोळे पुसताना मलाही कळेना की हे सगळं हसण्याचंच आहे का.

जोड लावला, इंजिन सुरू केलं, जरा जोर दिला. काटा साडेबारा, तेरा, आणि मग सरळ चौदाच्या वर गेला आणि तिथं थांबला. बोहदाननं मीटरला माफ केलं. त्याला मी एवढंच सांगितलं की जोड सैल होता. तो गावभर सांगत फिरतोय की तीर्थाला गुण यायला वेळ लागतो. तुझं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

माझं जग कोऑपच्या पंपापाशी संपतं म्हणालीस. अगं, बरोबर तिथवर पुरेल एवढीच वीज तू ठेवली होतीस. हे वाक्य मी भांडणासाठी तयार केलं होतं, दोन दिवस घोळवलं, पण ते टिकत नाही. ट्रकचं चार्जिंग तर शाबूत होतं. थंडर बेजवळचं ते एवढं मोठं पाणी, पलीकडचा काठ न दिसणारं तळं बघायला जाऊ, असं तू किती वर्षं म्हणत होतीस. ट्रकमधून कधीही जाता आलं असतं. दिवा जरा मंद झाला की मागे फिरायचं, ही सवय गाडीची होती ती माझीच झाली.

आता हे का लिहिलं ते सांगतो. शनिवारी सकाळी मी निघतोय. मॅनिटोबा ओलांडून, केनोरावरून, रोज थोडं थोडं, गारा दिसल्या की थांबत आणि थांबलो की फोन करत. मांजर आणि टोमॅटो बोहदानकडे, भट्टी देवाकडे. मागच्या सीटला तुझं जुनं हेल्मेट बांधलंय, पण घाबरू नकोस, तुला परत चल म्हणायला मी येत नाही. ते तू ठरव, मी तोवर बाळाचं दूध तापवीन. मी घरी यावं म्हणून तू त्या तीन वायरी सोडवल्या होत्यास, हो ना? मग आता त्या जोडल्या आहेत त्यासुद्धा त्याचसाठी. तू जिथं आहेस तिकडे घरी यायला निघालोय. जोडावर लोकर तीच गुंडाळली आहे. गाठ मला तुझ्यासारखी जमली नाही, आल्यावर बघ.

तुझाच,
पेट्रोलपंपाच्या पलीकडचा,
नेस्टर