खात्रीचा गुरू पाहिजे

२ मार्च, सकाळ.
ही मेहुणीकडे जाऊन महिना होत आला. फोन उचलत नाही. मी तिचं ऐकत नाही, अशी तक्रार. नक्की काय म्हणाली होती ते आता आठवत नाही. काल मेहुणीमार्फत निरोप: कपाटातल्या तिच्या आईच्या बांगड्या पाठवून द्या. देणार नाही. दिल्या तर परत यायला कारणच काय उरलं?

निर्णय: विचक्राफ्ट शिकायचं. झाडं, चंद्र, ऋतू मानणारी जुनी विद्या आहे म्हणे. ही आपल्या पायांनी परत येईल. फक्त गुरू खात्रीचा हवा. त्याची काळजी नाही. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघतोय. माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

५ मार्च.
पहिली गुरू पाहिली. झाडांची नर्सरी चालवते. पाय चिखलाने भरलेले. झगा नाही, मेणबत्ती नाही. म्हणाली, माझ्याबद्दल हवं त्याला विचारा, जुन्या शिष्यांचे फोन देते. मीही तुमच्या घरच्या एका माणसाला तुमच्याबद्दल विचारणार, आमची पद्धतच आहे. वर्षभर अंगण झाडायचं, चंद्र बघायचा. आणि दुसऱ्याच्या मनावर प्रयोग नाही म्हणजे नाही. बायको परत हवी असेल तर जाऊन माफी मागा.

माफीच मागायची तर चेटूक कशाला शिकू? आणि घरी चौकशी म्हणजे कहरच! मी काय लग्नाला उभा आहे? बाई बाद.

६ मार्च.
मेहुणीला फोन करून नर्सरीवाल्या बाईचा किस्सा रंगवून सांगितला. हसेल वाटलं होतं. तिने पत्ता विचारला. विनोद म्हणून कळत नाही या घराण्याला.

११ मार्च.
सापडले! मास्टर. बुटांच्या दुकानावरची खोली, काळा झगा, खिडक्यांना काळे पडदे. मला बघताक्षणी म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो, असा शिष्य शंभर वर्षांत एखादा. याला म्हणतात पारख! त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. उद्या चांगली फ्रेम बसवून देतो.

१४ मार्च.
नियम कडक. कुणाला सांगायचं नाही, शंका काढायची नाही, मेहुणीशी बोलायचं नाही. शेवटचा तर मी तसाही आनंदाने पाळला असता. दुकानातला सोबती म्हणाला, अरे, आधी त्याची चौकशी तरी कर. जळतात लोक.

१९ मार्च.
हिला खेचून आणायला तिच्या जिवाची वस्तू लागते, मास्टर म्हणाले. बांगड्या दिल्या. पौर्णिमेपर्यंत त्यांत शक्ती भरणार. देताना बांगड्या आपोआप किणकिणल्या. शक्तीच असणार.

२६ मार्च. पौर्णिमा.
खोलीला कुलूप. ध्यानाला बसले असतील.

२७ मार्च.
कुलूप. परीक्षा बघतायत माझी.

२९ मार्च.
बूटवाला म्हणाला, झगा घेऊन गेला, पडदे ठेवून गेला, आणि विचारायला आलेले तुम्ही पहिले नाही. मला पहिल्या दिवसापासूनच संशय होता. नवी फ्रेमसुद्धा नेली हरामखोराने.

२ एप्रिल, संध्याकाळ.
नर्सरीवाल्या बाईंना एक संधी द्यायची ठरवलं. गेलो. अंगणात ही! हातात झाडू. बऱ्याच दिवसांपासून येतेय म्हणे. विद्येशिवायच समोर आली की!

बाईंना म्हटलं, झाडतो वर्षभर, घ्या मला. बाई म्हणाल्या, आमची पद्धत तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या घरचं माणूस इथेच आहे. मग हिला विचारलं, घेऊ का यांना?

ही झाडायची थांबली. मला म्हणाली, आईच्या बांगड्या आणल्यात?

मी म्हटलं, त्यांत शक्ती भरायला दिल्यात.

ही रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाईंना म्हणाली, नको. आणि पुन्हा झाडायला लागली. झाडत झाडत मी उभा होतो तिथपर्यंत आली. मला बाजूला व्हावं लागलं.