लिंबाच्या पाण्यातलं तूस

नागपूर,
२ जानेवारी २०२५

ती. मायामावशीस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या गिरणीतलं धानाचं तूस पिशवीभर हवं आहे. हसू नकोस. ते मी भट्टीत जाळते, राख पेराएवढ्या नळीत ठासते आणि मोठ्या चुंबकात गरगर फिरवते. मग राखेतले सिलिकॉनचे अणू शेजाऱ्यांना कसे धरून आहेत, ते आलेखातल्या शिखरांवरून कळतं.

माझी शिखरं मात्र दर वेळी पसरट, एकमेकांत मिसळलेली येतात. ११ तारखेच्या शनिवारीही तसंच झालं तर विषय बदल, असं माझ्या पीएच.डी.च्या मॅडम म्हणाल्या. दोन वर्षांचं काम जाईल, मावशी. भीती वाटते.

कामापुरती आठवण काढते म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मोनाली

रामटेक,
६ जानेवारी

चि. मोनालीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तूस पाठवते आहे. आणलं तेव्हा मातीने मळलेलं होतं. मग घंगाळभर पाण्यात लिंबं पिळून ते उकळलं, दोनदा धुतलं, गच्चीवर वाळवलं. शेजारची पंचफुला हसत होती. तिला म्हटलं, "पोरगी मोठ्या लोकांत बसते, तिले मळकं काहून देऊ?" घरातून बाहेर जाणारी वस्तू स्वच्छच जावी, हे तुझ्या आजीचं वळण.

सोबत जवसाची चटणी आहे. ती फिरवू नकोस, खा. भिऊ नकोस आणि खुशाली कळव.

तुझी,
मावशी

नागपूर,
१२ जानेवारी

ती. मायामावशीस,
सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी चटणीच्या डब्याखाली होती. तूस जाळून झाल्यावर वाचली आणि वाटलं, संपलं सगळं. नमुना जसाच्या तसा हवा असतो. दुसरा आणायला वेळ नव्हता. मॅडमना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आता फिरवून तर बघू.

मावशी, शिखरं आली! एकेक वेगळं, रेखीव. मातीतलं लोह आलेख बिघडवत असावं आणि ते तुझ्या लिंबाने काढलं, असं मॅडमना वाटतं. माझा विषय कायम राहिला. मी तिथेच नाचले.

पण हे सिद्ध करायला त्याच गिरणीतलं न धुतलेलं तूसही लागेल. हात जोडते, एक पिशवी मळकीच पाठव. पंचफुलाकाकूंकडून भरून घे, तू तिकडे फिरकूसुद्धा नकोस.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
मोनाली

ता. क. पिशवी मात्र धुतलेली चालेल.