योहानाचा जाळ

पेत्रोव्रिसी,
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९८३

प्रिय थेमिस,

तू, कातीना आणि मुलं मेलबर्नला सुखरूप असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शाळेतली नोकरी संपल्यापासून त्याला जिने चढायचे नाहीत, तेव्हा त्याची तक्रार मी मनावर घेत नाही. छपराची पश्चिमेकडची कौलं सरकली होती, ती बसवून घेतली. आक्रोड यंदा भरपूर उतरले. तुझ्या वाटणीचे पोत्यात भरून ठेवलेत, म्हणजे दरवर्षीप्रमाणे उंदरांना. आईबाबांच्या कबरीवर शनिवारी दिवा लावते. ख्यालीखुशाली एवढीच.

स्मारकाचं तू विचारलं होतंस. संगमरवर आला आहे, चौकात चिनाराच्या झाडाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवला आहे. तीस तारखेच्या रविवारी अनावरण. जिल्ह्याहून साहेब येणार, बँड येणार, आणि समितीची पुस्तिका वाचली जाणार. गेल्या वर्षी सरकारने आम्हा डोंगरातल्या लोकांना लढवय्ये म्हणून मान्य केलं, तेव्हापासून गावात लढवय्यांचं पीक आलं आहे. ज्याने त्या काळात शेजाऱ्याच्या शेळीखेरीज काही पळवलं नाही, तोही आता पूल उडवतो. एकच पूल, थेमिस, आणि तोही कधी उडालाच नाही. कॉफीखान्यात मात्र तो आठवड्यातून दोनदा उडतो.

मी समितीची चिटणीस आहे, म्हणून हे सगळं बसून ऐकावं लागतं. मागच्या रविवारी कपेतान कोस्मासने पुस्तिकेचा मजकूर वाचून दाखवला. सत्तरी उलटली, डोंगरातली तुकडी मोडून चाळीस वर्षं होत आली, तरी तिच्या या म्होरक्याला कपेतानच म्हणावं लागतं, नाहीतर तो उत्तर देत नाही.

"विमानाने दोन घिरट्या घातल्या," त्याने वाचलं.

"एक," अनेस्तिस म्हणाला. तुझा अनेस्तिस, वायरलेसच्या बॅटऱ्या पाठीवर वाहणारा. आता तो दारू जास्त आणि शब्द कमी वापरतो.

"दोन. मी खाली उभा होतो."

"तू ओकच्या झाडाखाली झोपला होतास. तुझं घोरणं ऐकून मला वाटलं, विमान आलं."

सगळे हसले. कोस्मासही हसला, कारण जिल्ह्याचा पत्रकार बसला होता. मग त्याने मारल्या गेलेल्या इंग्रजाच्या भरघोस मिशीचं वर्णन वाचलं.

"मिशी नव्हती," अनेस्तिस म्हणाला.

"तुला काय आठवतंय, दारुड्या?"

"मी त्याला पुरलं, कपेतान. चेहऱ्यावरची माती मी पुसली. मिशी नव्हती."

 कोस्मासने घसा खाकरला आणि पुढचं पान उलटलं. पुढे झिसिस होता.

तुला तो प्रसंग माहीत आहे. तरी लिहिते, कारण इथे जो तो आपापला प्रसंग सांगतो आणि मला तो एकदा सरळ ओळीत मांडायचा आहे. मी तेव्हा टायफसच्या रुग्णांबरोबर वरच्या डोंगरात होते; जे मला कळलं ते इतरांकडून कळलं. चव्वेचाळीसच्या जुलैत पठारावर इंग्रजांची माणसं, बंदुका आणि पुलासाठीची स्फोटकं उतरायची होती. खूण ठरली होती, एका रेषेत तीन जाळ. आसपासच्या प्रत्येक वस्तीवर माणूस पाठवून बजावायचं होतं की आज कुणी चुलीबाहेर आग पेटवायची नाही. त्याच संध्याकाळी दरीपलीकडे पालिओमांद्री वस्तीच्या खळ्यावर तीन जाळ पेटले, पठारावरच्या जाळांच्या आधी. विमानाने सगळं तिथे टाकलं. उजाडता जर्मन आले. विमानातून उतरलेला इंग्रज मेला, वस्तीतली सहा माणसं मेली, घरं जळाली. आपल्या लोकांनी जाळ पेटवणाऱ्याला पकडलं. झिसिसने काही लपवलं नाही. मीच पेटवले म्हणाला, काल संत योहानाची रात्र होती, दरवर्षी असेच तीन पेटवतो, पोरीबाळी मे महिन्याच्या फुलमाळा त्यात टाकतात आणि उड्या मारतात.

कोस्मास मैदानी प्रदेशातला. तो म्हणाला, योहान होऊन तेरा दिवस झाले, कुणाला बनवतोस? आणि त्याला ओढ्याकाठी नेऊन गोळी घातली.

पालिओमांद्री जुनं पंचांग मानत होती. पाद्र्यांनी तारखा पुढे सरकवल्या तेव्हा त्या वस्तीने संतांना सरकवलं नाही, म्हणून त्यांचा योहान आपल्यानंतर तेरा दिवसांनी यायचा. आपली आजी तिथलीच. लहानपणी आपण दोघं दर उन्हाळ्यात दोनदा योहान साजरा करायचो, एकदा आपल्या चौकात आणि एकदा तिच्या खळ्यावर, आणि दुसऱ्या वेळी जास्त मजा यायची कारण गावातल्या इतर मुलांना तो मिळत नसे. एका वर्षी तुझी चड्डी पेटली होती. आजीने तुला पाण्याच्या घमेल्यात बसवलं.

तर कोस्मासने वाचलं, "देशद्रोही झिसिसने, त्याच दुपारी तोंडावर बजावून सांगितलेलं असतानाही, शत्रूच्या सोयीसाठी खोटे जाळ पेटवले." तेवढ्यात दारात पोलिक्सेनी मावशी येऊन उभी राहिली. झिसिसची बायको. वस्ती जळाल्यापासून ती इथेच राहते, चर्चमागच्या खोलीत. कॉफीखान्यात बायका पाय टाकत नाहीत. मी टाकते कारण यांच्यातल्या अर्ध्यांच्या पोरांचे कान मी उपटलेत. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"कपेतान," ती म्हणाली, "अनावरणाच्या रविवारी पाद्री मेलेल्यांची नावं घेईल ना? माझ्या माणसाचंही घेऊ दे. दगडावर नको. नुसतं तोंडाने."

कोस्मास म्हणाला, "मावशी, तुझ्या माणसाचं नाव आहे की. पान बावीसवर."

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे कपातला गाळ बघत बसले. थेमिस, मी बऱ्याच बैठकांना बसले आहे, पण त्या खोलीत मला जी शिसारी आली ती अजून घशात आहे. कॉफी प्यायले तरी तिची चव लागते.

मी म्हटलं, "कपेतान, जुन्या पंचांगाचा योहान त्याच दिवशी होता. हे तुम्हाला कधीच कळलं नाही?"

"कळलं की," तो म्हणाला. "लढाईनंतर कळलं. मग काय करू, उकरून काढू त्याला? आणि योहान असो नाहीतर ईस्टर, त्याला बजावलं होतं. लेखी साक्ष आहे माझ्याकडे." त्याने खिशावर थाप मारली.

साक्ष कुणाची ते मी नंतर लिहिते.

मी मावशीबरोबर तिच्या खोलीपर्यंत गेले. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसली. विचारलं, "त्या दिवशी वस्तीवर सांगायला कोण आलं होतं?"

"आलं असेल कुणीतरी," ती म्हणाली. "तुझाच भाऊ आला होता म्हणतात. मी दिवसभर कापणीवर होते. घरी झिसिस होता. त्याला सांगितलं असणार आणि त्याने ते गिळलं असणार. हट्टी होता ना मेला. संताचा जाळ चुकवायचा नाही म्हणून बसला असेल. एवढी वर्षं भांडते मी त्याच्याशी, बाई. दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला त्याच्या नावाने गहू उकडते, वर साखर घालते, आणि ढवळता ढवळता भांडते. एका रात्रीचा जाळ नसता पेटवला तर तुझ्या संताचं काय जाणार होतं? सहा माणसं गेली रे, त्यात तुझी सख्खी बहीण. असं विचारते."

 तू खरंच गेला होतास का, याची मला आधी खात्री करून घ्यायची होती.

काल सकाळी कोस्मासने ती साक्ष समितीच्या दप्तरात ठेवायला माझ्याकडे दिली. तुझं अक्षर मी ओळखते, मीच तुला ते शिकवलं. तू लिहिलं आहेस की त्या दुपारी तू प्रत्येक वस्तीवर गेलास, पालिओमांद्रीला झिसिसच्या दारात उभा राहिलास, त्याने तुला तांब्याभर थंड पाणी दिलं आणि हसून म्हणाला, "माझा संत तुझ्या कपेतानला विचारून येत नाही." वाक्य चांगलं आहे. पत्रकाराने ते आधीच उतरवून घेतलं आहे.

मला ते पाणी खटकलं. लहानपणी तू खोटं बोलायचास तेव्हा नुसतं "मी बरणी फोडली नाही" म्हणून थांबायचा नाहीस. मांजर आली, तिचा एक कान फाटका होता, ती फडताळावरून उडाली, तिने फोडली. तो फाटका कान आईला पटायचा. मला कधीच पटला नाही.

मी ते पत्र घेऊन अनेस्तिसकडे गेले. सकाळची वेळ होती, तो शुद्धीवर होता. द्राक्षांचा चोथा पिंपात भरत होता. मी वाचून दाखवलं. पाण्यापर्यंत आल्यावर तो म्हणाला, "पुरे, ताई."

"तो गेला होता का?"

"तुला कशाला पाहिजे?"

"अनेस्तिस."

"गिरणीत होता माझ्याबरोबर. दिवसभर. बूट काढून पडला होता, टाचा सोलल्या होत्या. मी म्हटलं, उठ, पालिओमांद्रीला तरी जा. तर म्हणाला, योहान कधीच झाला, आता कोण येडा आग पेटवतो. बाकीच्या वस्त्यांवरही गेला नाही. मग ते घडलं. मग कोस्मासने विचारलं, बजावलं होतंस का? तो हो म्हणाला. झिसिस समोर उभा होता, ताई. झिसिस त्याच्याकडे बघत म्हणाला, पोरा, सांग ना यांना, काल योहान होता, तू तर आमच्या खळ्यावर उड्या मारल्यास. तुझ्या भावाने मान खाली घातली."

"आणि तू?"

"मला कुणी विचारलं नाही. मी बॅटऱ्या वाहणारा." त्याने हात पुसले. "पण आता विचारलंस. उभा राहीन मी, म्हणशील तिथे."

विशीतला पोर घाबरला, हे मला समजतं. गोळी त्याला बसली असती. त्याबद्दल मी तुला जाब विचारला नसता, निदान पत्रातून नाही. पण हे पाणी तू या सप्टेंबरात लिहिलंस. साठीला टेकलेला, नातवंडांचा आजोबा, भरल्या पोटी, स्वतःच्या टेबलाशी बसून. कोस्मासने तुझ्याकडे फक्त होकार मागितला होता. तांब्या तू आपणहून भरलास. मेलेल्या माणसाच्या हातात तांब्या दिलास, तोंडात उर्मट वाक्य घातलंस आणि खाली सही केलीस. याची मला किळस येते, थेमिस. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

काल संध्याकाळी मी मावशीला सांगितलं. तुझ्याआधी तिला कळायला हवं होतं.  ती म्हणाली, "म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"मग मी उगाच भांडले," ती म्हणाली. तिने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "उगाच भांडले गं त्याच्याशी. आणि तो ऐकून घेत होता."

तुला शिव्या दिल्या नाहीत. तुझं नावही घेतलं नाही. मी जायला निघाले तेव्हा पाठमोरी उभी राहून गव्हाचा डबा काढत होती.

आता कामाचं. पाद्र्याला मी भेटले. झिसिसचं नाव घ्यायला तो तयार आहे, समितीने पान बावीस मागे घेतलं तर. आज सकाळी समिती बसली. कोस्मास म्हणाला, एका बाजूला दारुड्याचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला मेलबर्नच्या प्रतिष्ठिताची सही. बाकीच्यांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्याने मला बाजूला घेतलं.

"बाई, तुमच्याच घराण्याचं नाव जाईल," तो म्हणाला. "दगडावर थेमिसही आहे. 'वस्त्यांना सावध करणारा.' कोरून झालंय."

मी म्हटलं, "छिन्नी खोडूही शकते."

तेव्हा तू तार कर. समितीच्या नावाने, तुझ्या सहीने. तीनच शब्द लागतील, मी गेलो नाही. टाचा, वय, भीती, काही लिहू नकोस. पाणी तर मुळीच नको.

तार आली नाही तर तीस तारखेच्या रविवारी अनेस्तिस चर्चमध्ये उभा राहील आणि त्याच्या शेजारी मी उभी राहीन, आणि मी कुणाची बहीण आहे हे आधी सांगेन. पान बावीस छापलेलं असो वा नसो. मावशीने गहू भिजत घालायला दिवस धरला आहे. यंदा ती भांडणार नाही म्हणाली. तिला या वयात त्याच्याशी दुसरं काय बोलायचं ते शोधावं लागणार आहे, आणि हे काम तू तिच्यावर टाकलं आहेस.

कातीनाला आणि मुलांना माझे आशीर्वाद. त्यांना सांग अगर न सांग, तो तुझा प्रश्न.

तार येईपर्यंत,

चिटणीस, पेत्रोव्रिसी लढवय्या समिती,
एफ्रोसिनी मावरिदू