तुलनेचा माणूस

मी, डेरियन ओटिस प्रूइट, वय अठ्ठावीस, धंदा पूर्वी शहर पाणीखात्यात नळदुरुस्ती, सध्या काही नाही, राहणार कॅल्डर फॉल्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप मात्र नाही. ती मंगळवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. म्हणून सगळे दोनदा तपासले आहे. शाळा अकरावीत सुटली, तरी अडले ते शब्द कोशात बघून लिहिले आहेत.

१. बिडाचा तवा आणि बँकेतली शिल्लक मला वाढवणाऱ्या ओरालीमावशीला. तवा तिचाच होता. तो साबणाने घासू नये, हे तिला सांगायला नको. त्यावरून तिने मला बडवले आहे.

२. चर्चचे डीकन हॅस्केल यांची छत्री दाराआड आहे, ती त्यांना परत. त्यांचा सल्लाही परत: "शहरावरचा खटला मागे घे, बाळ. आपल्या गल्लीचं डांबर अडेल."

३. पाणीखात्यातल्या जुन्या सोबत्यांना काही नाही. मी खानावळीत शिरलो की ते ताटे उचलून लांबच्या टेबलावर जातात. गोऱ्यांचे नवल वाटले नाही. आपल्या काळ्यांचे वाटले. त्यांनाही पोरेबाळे आहेत, हे कळते. तरी काही नाही.

४. शहरावरचा माझा दावा. वकीलबाई म्हणतात, मी मेलो तरी दावा मरत नाही, फक्त चालवणारे कोणी हवे. तो मी मावशीवर सोपवतो. गेल्या वर्षी जानेवारीत फुटलेला नळ जोडताना हात बधिर झाले, म्हणून मी आणि माझा जोडीदार क्लेटन मॅब्री ऊब घ्यायला गाडीत बसलो. मुकादमाने दोघांनाही पाहिले. क्लेटन गोरा, त्याला तोंडी समज. मी काळा, मला घरी पाठवले, कायमचे.

एवढे कोर्टाला पुरत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "तुला किती लागलं ते कोर्ट विचारणार नाही. तुझ्याच कामाचा, तीच चूक केलेला, पण गोरा माणूस तुलनेला दाखव." शहर म्हणते, क्लेटन चालक, गाडीत बसणे त्याचे कामच, मी मजूर, माझी जागा खड्ड्यात. खरे तर आम्ही आळीपाळीने गाडी चालवत असू. हे क्लेटनशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि त्याची चूक मला नाव घेऊन कोर्टात मांडावी लागली. तेव्हापासून तो बोलत नाही.

मावशी, तू म्हणतेस, "शहर देतंय ते घे आणि गप्प बस." हे वाचशील तेव्हा मी वाद घालायला नसेन. गप्प बसायच्या अटीवर एक सेंटही घेऊ नकोस.

५. गळती ऐकायची लोखंडी काठी क्लेटन मॅब्रीला. तिचे एक टोक नळावर आणि दुसरे कानाला लावतात. एक ऐकत असताना दुसऱ्याने अगदी गप्प उभे राहावे लागते. क्लेटनइतके गप्प राहणे कोणाला जमत नाही.

पाचवे कलम मीच खोडले आहे. कारण असे की सहीला दोन साक्षीदार लागतात. खालचे न्हावी ल्यूशस तयार झाले. दुसरे कोणी मिळेना. शेवटी क्लेटनला फोन केला. तो आला, पण बराच वेळ गाडीतच बसून राहिला. वर आल्यावर दारातूनच म्हणाला, "तुझ्या वकीलबाईने कोर्टाच्या कागदात मला काय म्हटलंय, माहितीये? 'तुलनेचा माणूस'! आता बायकोसुद्धा त्याच नावाने जेवायला बोलावते."

ल्यूशस म्हणाले, "जेवायला बोलावते ना? मग रडतोस कशाला!"

मी क्लेटनला कलम वाचायला दिले आणि सांगितले की साक्षीदाराला यातले काही घेता येत नाही. काठी तरी घे, नाहीतर सही तरी कर. त्याने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "लेका, तू काही मरत नाहीस. पेन दे."

काठी आता मावशीला, वरचे भाडेकरू नाचायला लागले की छताला ठोकायला.

दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर, एकमेकांसमोर, आपापल्या हाताने नाव व धंदा लिहिला आहे. काय लिहावे हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

डेरियन ओटिस प्रूइट
कॅल्डर फॉल्स, १९ फेब्रुवारी २०१६

साक्षीदार:

ल्यूशस ग्रीअर. न्हावी.

क्लेटन मॅब्री. शहर पाणीखाते, नळदुरुस्ती. गाडीही चालवतो. डेरियन होता तोवर एक दिवस तो, एक दिवस मी.